जागा नाही, काहीतरी पुसा

मुर्गाबच्या बाजारातली दुकानं म्हणजे
ट्रकवरून उतरवलेले लोखंडी कंटेनर.
माझा सातवा. दार निळं, आत साबण, मेणबत्त्या, चिनी मोजे,
आणि छपरावर बांधलेली ती तार
जिच्यातून दुपारी तीन ते पाच
थोडंसं जग ठिबकतं.

लोक नकाशे भरून न्यायला येतात,
कॅन घेऊन पाण्याला यावं तसे.
मी विचारते, कुठवर?
कोणी म्हणतं काराकुलपर्यंत, कोणी ओशपर्यंत.
एक पोरगा म्हणाला, सगळं द्या, मॉस्कोसकट.
दिलं. तो अजून इथेच मेंढ्या राखतो.
मॉस्को माझ्याकडेही आहे. कधी उघडलं नाही.

सापारालीचा फोन म्हणत होता:
जागा नाही, काहीतरी पुसा.
मी चाळून बघितलं. एकशे चाळीस फोटो कार्ब्युरेटरचे,
ओशच्या दुकानदाराला दाखवायला काढलेले,
आणि पुतण्याच्या लग्नाचा अडीच तासांचा व्हिडिओ,
ज्यात तो स्वतः दिसतो तीन सेकंद,
हातात समोवार, तोंड अर्धं उघडं.
हे पुसू, अनारकुलने, म्हणजे मी, विचारलं.
नको.
हे?
तेही नको. कार्डावर टाक.

कार्ड ओशचं. वर लिहिलेलं बत्तीस, आत निघाले सात.
पाऊण तास लागला. कोटाच्या बाहेरच्या खिशात
सुटे पैसे टाकावेत
तसा त्यात पामीर टाकून दिला.

अक-बैतालच्या खिंडीत त्याला बर्फ लागलं.
गाडीत पिठाची पोती, दवाखान्याची खोकी,
आणि रस्ता असा, की दात हिरड्यांत नाचतात.
कार्ड नखाएवढं. नखभर हललं,
आणि सगळे डोंगर गेले.
उरल्या राखाडी चौकटी
आणि मधोमध निळा ठिपका.
उपग्रहाला तो बरोब्बर सापडला होता,
तीन मीटरच्या आत.
फक्त कशाच्या आत, ते दिसत नव्हतं.

हे त्याने नंतर सांगितलं, चहात लोणी विरघळवत.
म्हणाला, वरच्याला आपण असेच दिसत असू,
ठिपका, आणि खाली काही नाही.
मी म्हटलं, वरच्याचं राहू दे, तू काय केलंस?

इंजिन चालूच ठेवलं, बंद पडलं असतं तर संपलं होतं.
कार्ड काढलं, फुंकलं, कोटाच्या लोकरीवर घासलं, घातलं.
नाही.
त्याचा बाप म्हणे वाऱ्याच्या वासावरून वाट काढायचा.
सापारालीने काच खाली करून वास घेतला.
पेट्रोलचा आला.
पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.
चौथ्या खेपेला डोंगर परतले, एकेक चौकट,
आधी तळं, मग सीमेचं कुंपण, मग रस्ता,
त्याच्या डावीकडे चाळीस पावलांवर.
अर्धा तास तो नदीच्या कोरड्या पात्रातून चालला होता,
आणि पात्र, तो शपथेवर सांगतो,
रस्त्यापेक्षा बरं होतं.

मग फोन माझ्यापुढे सरकवला.
आता आत ठेव. पोटात.
पुसावं लागेल.
पूस.

एकशे एकोणचाळीस कार्ब्युरेटर गेले.
एक राहिला. कोणता, ते त्यानेच ठरवलं, बराच वेळ लावून.
मग लग्न. त्याआधी ते तीन सेकंद बघितले,
त्याने एकदा, मी त्याच्या खांद्यावरून.
तो सिगारेट ओढायला बाहेर गेला,
फोन माझ्या हातात, टक्के हळूहळू चढत होते,
तेवढ्यात मी ते तीन सेकंद कापून
माझ्याकडे घेतले.
त्याने पुसलं नाही, मी सांगितलं नाही.

तेवढ्याला फार जागा लागत नाही.
तरी मी मॉस्को पुसलं.